चावी कंय हाय?

अलिबाग, नागाव, किहीम या बाजूला घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकाचे प्रश्न ठरलेले असतात. समुद्र किती लांब? मांडवा जेट्टीपासून किती मिनिटं? विहिरीला बारमाही पाणी आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मालक तोंडाने देत नाही; विहिरीत खडा टाकून ‘डुबुक’ ऐकवतो. पण ‘घरातलं पाणी बंद कुठून होतं?’ असं विचारणारं गिऱ्हाईक या किनाऱ्यावर अजून उतरायचं आहे. विचारलंच, तर मालक त्याच्याकडे संशयाने बघेल. पाणी आहे का विचारावं, किती वाजता येतं विचारावं. बंद कसं करायचं हा काय प्रश्न झाला? इथे पाणी बंद करायला कोणाला काही करावं लागत नाही. एप्रिल लागला की ते आपलं आपण बंद होतं.

याला कारण आहे. किनाऱ्यावरच्या माणसाची पाण्याविषयीची सगळी हुशारी ते मिळवण्यात आणि साठवण्यात खर्च झाली आहे. जंजिऱ्याचे सिद्दी चहूबाजूंच्या खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्याचे दोन तलाव बाळगून होते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात भरतीला समुद्र तटाला टेकतो आणि आतल्या विहिरीला पाणी गोडं. खुद्द अलिबागचं नाव ज्या अलीवरून पडलं असं सांगतात, त्या गृहस्थाची कीर्तीही विहिरी खोदून बागा लावल्याची आहे. नळ वेळेवर बंद केला म्हणून या जिल्ह्यात कोणाचं नाव गावाला दिलेलं नाही.

त्यामुळे घरात पाइप फुटतो तेव्हा जे घडतं, ते बघण्यासारखं असतं. बहुधा सिंकखालची ती लवचीक नळी सुटते. तिचं वय कोणालाच माहीत नसतं. पाणी थेट पिठाच्या डब्यांच्या दिशेने निघतं. पहिला हुकूम सुटतो तो आजींचा: ‘अगं, वाया चाललंय, भरून घ्या!’ झालं. हंडे, कळश्या, बादल्या, पातेली, शेवटी इडलीचा कुकरसुद्धा घेऊन घर कामाला लागतं. पाच मिनिटांत घरातलं प्रत्येक भांडं भरलेलं असतं आणि घरही. एवढ्या वेळात कोणीतरी चावी शोधली असती, पण हातात कळशी असताना पाणी बंद करण्याचा विचार आपल्या मनाला शिवत नाही. संस्कार आहेत.

मग येतात बाबा. बाबा फुटलेल्या तोंडावर अंगठा दाबून बसतात. हे शौर्याचं काम आहे यात शंका नाही. पण अंगठा दाबलेला माणूस त्या क्षणापासून कामातून जातो. घरात पाणी बंद कुठून होतं हे ठाऊक असण्याची जी काही थोडीफार शक्यता असते, ती नेमकी त्याच्याच बाबतीत असते, आणि तोच आता उठू शकत नाही. बसल्या जागेवरून तो ओरडतो, ‘मागे जा, पायरीखाली बघ! ती नाही रे, जुन्या पायरीखाली!’ ती जुनी पायरी मागची पडवी बांधली तेव्हाच गेलेली असते. मुलगा तोवर व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकतो आणि बदलापूरच्या काकांचं ‘काळजी घ्या’ येतं. शेजारचे दादा सायकलच्या ट्यूबची पट्टी घेऊन धावत येतात. गावातून सायकली गेल्या; ट्यूबच्या पट्ट्या मात्र घरोघरच्या पडवीत खुंटीला अजून लटकलेल्या आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यांनीच अनेक घरं वाचवली आहेत. दुसरे कोणी एम-सील मळत बसलेले असतात. वाहत्या पाइपावर ते धरत नाही, हे त्यांना मळून झाल्यावर कळतं.

प्लंबरला फोन लागतो. तो रेवदंड्याला असतो. तुम्ही रेवदंड्यालाच राहत असाल, तर तो पोयनाडला असतो. ‘निघालोच’ म्हणतो. या शब्दातला च केवळ शोभेचा असतो.

शेवटी कोणीतरी शहाणं माणूस रस्त्याकडेच्या जोडणीची चावी बंद करतं, मोटारीचं बटण पाडतं आणि विजयी चेहऱ्याने आत येतं. पाणी चालूच. पुन्हा जाऊन बघतं. चावी बंदच आहे. इथे अनेक घरांत भुताखेतापर्यंत गोष्ट जाते, पण कारण साधं आहे. परदेशातल्या पुष्कळ घरांत पाणी रस्त्याच्या लाइनमधून दाबाने थेट नळाला येतं, तिथे एक चावी फिरवली की काम झालं. आपल्याकडे पंचायतीचं पाणी ठरल्या वेळी येतं, ते हौदात पडतं, हौदातून मोटारीने स्लॅबवरच्या टाकीत चढतं आणि मग घरात उतरतं. म्हणजे रस्त्यावरची चावी बंद केली की उद्याचं पाणी बंद होतं. आजचं हजार लिटर डोक्यावर बसलेलंच असतं. जलजीवन मिशनचा हिशेब माणशी दिवसाला 55 लिटरचा आहे. त्या हिशेबाने ती एक टाकी म्हणजे अठरा माणसांचं दिवसाचं पाणी, आणि ही अठरा माणसं आता तुमच्या बेडरूमकडे निघालेली असतात.

खरी चावी टाकीच्या बुडाशी, घरात उतरणाऱ्या पाइपावर असते. तिथे जायला शिडी लागते. शिडी शेजाऱ्यांनी आंबे उतरवायला नेलेली असते.

चावी सापडली नाही किंवा फिरली नाही, तर एक बिनखर्चाचा उपाय आहे. घरातले बाकीचे सगळे नळ, त्यातही खालच्या मजल्यावरचे आणि मागल्या दारचा बागेतला, सताड सोडून द्यायचे. फुटलेल्या जागचा जोर कमी होतो आणि टाकी घरात रिकामी होण्याऐवजी मोरीत आणि वाडीत रिकामी होते. शास्त्र बिनचूक आहे, पण मराठी घरात ते अमलात आणता येत नाही. जिथे तांदूळ धुतलेलं पाणी अळवाला जातं, तिथे ‘सगळे नळ सोडा’ म्हणणाऱ्या माणसाला आजी आधी दृष्ट काढायला बसवतील. एवढं मात्र हसण्यावारी नेऊ नका: पाणी बोर्डाच्या किंवा प्लगच्या आसपास पोचत असेल, तर आधी विजेचा मेन स्विच, तोही कोरड्या जागी उभं राहून, कोरड्या हाताने. स्विचपाशी पाणी साचलं असेल तर त्याला हात न लावता बाहेर पडायचं आणि वायरमनला बोलवायचं. आणि पाणी बंद केलं की गीझरही बंद.

गंमत अशी की पाणी अडवायची विद्या आपल्याकडे नव्हतीच असं नाही. चौल, नागाव, आक्षीच्या वाड्यांत रहाट फिरत होते तेव्हा बंद करण्याचा प्रश्नच नव्हता. बैल थांबला की पाणी थांबलं. बैलाला थांबवायला कधी तज्ज्ञ बोलवावा लागला नाही. चालता ठेवायलाच माणूस लागे. रहाटाचं पाणी पाटाने नारळी-पोफळींच्या आळ्यांत जायचं. एक आळं भरलं की फावडंभर माती इकडची तिकडे, पुढचं आळं सुरू. आठ-दहा वर्षांचं पोरही शिपण्याच्या वेळी हे काम बिनचूक करायचं. त्या मातीच्या चावीला वॉशर नव्हता, गंज नव्हता, आणि ती कुठे आहे हे शोधावं लागत नसे, कारण शिपणाऱ्याचा पाय तिच्यावरच असायचा.

त्याहून मोठी चावी खारेपाटात. अलिबाग आणि पेणच्या मधल्या त्या सखल भातशेतीवर धरमतरच्या खाडीचा डोळा रोज दोनदा असतो. तिला अडवायला बांध, आणि बांधात उघाडी. उघाडीचं दार असं बसवलेलं असतं की ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याने ढकललं की ते बाहेर उघडतं आणि भरतीला खाडीच्या रेट्याने आपलं आपण मिटतं. वीज नाही, बटण नाही, वॉरंटी कार्ड नाही. आणि समोर गिऱ्हाईक कोण, तर अरबी समुद्र. घराच्या पाव इंची वॉशरसाठी आपण तीन दुकानं फिरतो, आणि इथे कोणा पूर्वजाने लाकडाच्या फळ्यांवर समुद्राला दिवसातून दोनदा दारातून परत पाठवलं.

उधाणाला बांध फुटला, म्हणजे खांड पडली, की गावात हाळी जायची. फावडी, घमेली घेऊन माणसं बांधावर. भरती ओसरली की पुढच्या भरतीपर्यंत काय ते तास हातात. खारं पाणी शेतात मुरलं की पुढची काही वर्षं भाताचं नाव काढायला नको. त्यामुळे चावी कोणाची, जबाबदारी कोणाची, यावर बैठक घ्यायला वेळ नसायचा. पुढे 1948 साली मुंबई प्रांतात खार जमिनींचा कायदा झाला, 1979 मध्ये महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला, बांध सरकारच्या यादीवर गेले, आणि खांड पडली की घमेल्याबरोबर अर्जही लागू लागला. बांधांची गोष्ट मोठी आहे, तिथे शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पण घरातल्या चावीच्या बाबतीत आपण हेच स्वखुशीने केलं. पाणी पाटातून पाइपात गेलं, पाइप भिंतीत गेला, भिंतीवर टाइल बसली, आणि बंद करण्याचं काम आपल्या पायाखालून निघून ‘ज्याचं काम त्याच्याकडे’ गेलं. तो रेवदंड्याला आहे.

आता त्या चावीविषयी. जुन्या घरात ती बहुधा गेट व्हॉल्व्ह असते: वर गोल चाक, आत वरखाली होणारी झडप. बसवली त्या दिवशी प्लंबरने ती एकदा फिरवली आणि यानंतर ती फिरवायची वेळ येते ती थेट पाइप फुटल्यावर. मधली बारा-पंधरा वर्षं ती चावी खाऱ्या वाऱ्याच्या ताब्यात होती. या वाऱ्याला खिडकीचे गज चालतात, शेगडीचे पाय चालतात, कपाटाच्या बिजागऱ्या चालतात. त्याने चावीला वेगळी वागणूक का द्यावी? माणूस जिवाच्या करारावर पिळतो आणि चाक हातात येतं, स्पिंडल आत राहतो. चाक हातात धरून पाण्यात उभा असलेला तो गृहस्थ, बस सुटून गेलेल्या ड्रायव्हरसारखा दिसतो.

लोखंडाशी मनापासून फारकत घेतली ती या भागात एका संस्थेने: अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेने. मुंबईत विजेवरच्या ट्रामा धावणार म्हटल्यावर तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय नोंद बिघडणार हे उघड होतं. तेव्हा त्या वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या पुढाकाराने 1904 मध्ये हे काम अलिबागला आलं. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रांना शेजारी लोखंड चालत नाही, म्हणून इमारत पोरबंदरच्या दगडात बांधली आणि लोखंडाऐवजी पितळ, तांबं वापरलं. त्यांची अडचण चुंबकाची, आपली मिठाची. निष्कर्ष मात्र तोच: चार पैसे जास्त गेले तरी पितळेची चावी घ्या. आणि शक्यतो बॉल व्हॉल्व्ह घ्या. त्याची दांडी पाइपाच्या रेषेत असली की चालू, पाइपाला आडवी केली की बंद. पाव फेऱ्यात काम होतं आणि दिवे गेले असले तरी हाताला कळतं. टाकीपाशी प्लास्टिकचा असेल, तर उन्हाने त्याची दांडी ठिसूळ होते. ती नेमकी कधी मोडते हे सांगायला नको. जुना गेट व्हॉल्व्ह असेल तर तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने बंद होतो. उघडताना शेवटपर्यंत उघडून अर्धा वेढा मागे घेऊन ठेवावा, म्हणजे जाम होत नाही.

खरी रंगत शनिवार-रविवारच्या बंगल्यांत. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत असे बंगले ओळीने उभे आहेत. सोमवार ते शुक्रवार तिथे फक्त राखणदार आणि मांजरं. मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि मालक गाडीसकट तासाभरात इकडे उतरू लागले. पाइपाला हे कोणी कळवलेलं दिसत नाही. तो मंगळवारीच फुटतो. मग दादरला किंवा पुण्याला फोन वाजतो, आणि संवाद साधारण असा होतो.

‘शेठ, घरान पानी शिरलाय.’

‘कुठून?’

‘वरशी.’

‘अरे, मग बंद कर की!’

‘चावी कंय हाय?’

‘तुझ्याकडेच नाही का दिली? मागच्या दाराची.’

‘ती नाय शेठ. पान्याची.’

इथे पलीकडे शांतता पसरते. सूर्यास्त कुठल्या खुर्चीतून चांगला दिसतो हे शेठना ठाऊक असतं, फरशी कुठल्या देशातून आली हे ठाऊक असतं. चावी कुठे आहे हे आर्किटेक्टला ठाऊक असतं. आर्किटेक्ट मीटिंगमध्ये असतात. आणि त्यांनी ती चावी दिसू नये म्हणूनच तर मेहनत घेतलेली असते: बोगनवेलीच्या मागे, टाइलच्या दारामागे, आणि त्या दाराला मूठ नाही, कारण मूठ वाईट दिसते. किंवा मग बागेतल्या चेंबरमध्ये. कोकणातलं बंद चेंबर उघडण्याआधी काठी आपटायची असते, कारण फुरसं आपल्याआधी तिथे राहायला आलेलं असतं आणि ते आठवडाभर राहतं, शनिवार-रविवार नव्हे.

शेठ व्हिडिओ कॉल करतात. ‘पांढरा पाइप दिसतोय का?’

‘सगलंच पांढरं हायत.’

‘जाडा पांढरा!’

‘जाडं तीन हायत.’

शेठ दादरमधून हातवारे करतात, राखणदार मोबाइल गोल फिरवतो, शेठना आकाश दिसतं, नारळ दिसतो, राखणदाराचा अंगठा दिसतो. मग रेंज जाते. पुढचं सगळं रेंज गेल्यामुळे नीट पार पडतं. राखणदार शिडी लावून स्लॅबवर चढतो, टाकीचं झाकण काढतो, बांबूच्या टोकाला फडकं गुंडाळून बुडाच्या भोकात कोंबतो. पाणी थांबतं. याचे आजे खांड बुजवायला बांधावर जात होते; त्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. संध्याकाळी शेठ शाबासकी देतात आणि फडकं कुठलं वापरलं ते विचारतात. शेठच्या बाथरूममधला टर्किश टॉवेल होता.

पावसाळ्यात तर फुटलेला पाइप सापडतही नाही. जून ते सप्टेंबर भिंतीवरची प्रत्येक ओल पावसाच्या नावावर मांडली जाते. कौलं चाळली जातात, स्लॅबवर पत्रा घातला जातो, वरुणराजाला नाही नाही ते बोललं जातं. ऑक्टोबरात पाऊस जातो, ओल राहते. सेकंदाला एक थेंब ही गळती ऐकायला भजनातल्या टाळाइतकी निरुपद्रवी. दिवसाला ती वीसेक लिटर होते. शोधायची रीत सोपी आहे. रात्री मोटार आणि सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर आतून खूण करायची. सकाळी पाणी खुणेच्या खाली गेलं असेल, तर पाऊस निर्दोष आहे. टाकी भरली की हिंदीत घोषणा करणारी यंत्रं आता दुकानात मिळतात आणि त्यातल्या बाईंना गप्प करायला अख्खी आळी धावते. टाकी गुपचूप रिकामी होत असताना मात्र त्या अवाक्षर काढत नाहीत.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ याच किनाऱ्याला लागलं, तेव्हा पाण्याच्या टाक्यांना पंख फुटलेले लोकांनी बघितले. रिकाम्या टाक्या गेल्या; भरलेल्या आपल्या वजनाने बसून राहिल्या. म्हणून वादळाआधी टाकी भरून ठेवा असं सांगतात, आणि बरोबर सांगतात. पण निम्माच सल्ला आहे तो. टाकी भरलेली आणि चावी उघडी असली, की खालच्या पाइपावर एक माड पडला तरी सगळं पाणी गेलं. वादळानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, म्हणजे मोटार नव्हती. अशा वेळी टाकी भरून चावी बंद केलेल्या घराला हजार लिटरची श्रीमंती असते. बाकीच्यांना विहीर आणि पोहरा. आणि पोहऱ्याला सुटणार नाही अशी गाठ फक्त आजींना येते, तेव्हा त्यांच्याशी नीट वागा.

तर एवढं करा. येत्या रविवारी घरातल्या सगळ्या चाव्या शोधा: रस्त्याकडची, हौदाची, टाकीखालची. प्रत्येक एकदा बंद करून उघडा, आणि पुढेही पाडवा आणि दसरा अशी वर्षातून दोनदा तरी फिरवा. भिंतीवर ठळक रंगाने बाण काढून कुठली चावी कशाची ते लिहा. आर्किटेक्टना वाईट वाटलं तर वाटू द्या. घरातल्या प्रत्येकाला नेऊन दाखवा, बंगला असेल तर राखणदाराला सगळ्यात आधी. चार दिवस बाहेर जाताना गॅस बंद करता, कुलूप तीनदा ओढून बघता; त्याआधी टाकीखालची दांडी आडवी करा. आणि एखादी चावी जाम निघाली, तर प्लंबरला आजच फोन करा. तो रेवदंड्याला असेल, ‘निघालोच’ म्हणेल. आज काही फुटलेलं नाही, त्यामुळे तो गुरुवारी आला तरी चालेल.